हिरवा दिवा

विजेइतकी सच्ची गोष्ट जगात दुसरी नाही, असं एलिएसेर मास्तर म्हणत. असते तेव्हा असते, नसते तेव्हा नसते. सान्तियागोच्या आमच्या गल्लीत ती बहुतेक नसतेच, त्यामुळे तिच्या सच्चेपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मास्तरांनी तंत्रशाळेत उभी हयात विद्युत सुरक्षा शिकवली. निवृत्त झाल्यावर गल्लीतले पंखे आणि कुकर दुरुस्त करू लागले. म्हणून त्या दुपारी ते माझ्या शेजारणीच्या, ओदालमिसच्या, गॅलरीत तिचा मॉनिटर उघडून बसले होते. उजेड तिथेच होता. तिची लेक समुद्रापार, टॅम्पाला असते. तिनं पेनड्राइव्हमधून नातवाचा व्हिडिओ पाठवला होता: पोर पहिल्यांदा चालतंय. व्हिडिओ बघायला घरात पडदा तेवढा एकच, या मॉनिटरचा, आणि तो डोळा मारून काळा व्हायचा.

"कपॅसिटर फुगलेत," मास्तर म्हणाले. "बदलले की चालेल तुझा नातू."

"तो शाळेत जायच्या आत होईल ना?" मी विचारलं.

"तू गप रे," ओदालमिस म्हणाली. "रेशनची वाटाणे मिसळलेली कॉफी पी."

वीज सकाळपासून गेलेली. तरी मास्तरांनी आत जाऊन भिंतीतला प्लग स्वतः काढला होता. मॉनिटरच्या पाठीला वायर कोणीतरी थेट सोल्डर करून ठेवलेली. ती सुटेना, म्हणून उंबऱ्यावरून तशीच आत गेली होती. मग त्यांनी मोठ्या कपॅसिटरला बल्बच्या तारा टेकवल्या. बल्ब लुकलुकून विझला.

"बघितलंस? सगळं शहर कोरडं, आणि हा पोटात साठवून बसलाय."

"वीजमंडळातला दिसतो."

मास्तर हसले नाहीत. डावा हात ते खिशात ठेवत. झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून. आता सगळी खात्री झाली, तसा त्यांनी तो बाहेर काढला आणि बोर्ड दोन्ही हातांनी धरला.

ओदालमिस साखर आणायला आत गेली. आमच्याकडे घरोघरी एका वस्तूचा प्लग भिंतीत खोचून बटण चालू ठेवतात, वीज आली हे कळावं म्हणून. तिच्या घरी तो मान मॉनिटरला होता. त्याच्या कोपऱ्यात हिरवा दिवा आहे. प्लग जमिनीवर लोळताना तिला दिसला. पडलेली उशी उचलून ठेवावी, तसा तिनं तो उचलून खोचला.

थोड्या वेळानं खालून सगळी गल्ली ओरडली, "आली!"

मास्तर खुर्चीसकट मागे कोसळले. मॉनिटर कठड्यावर आपटला.

"मास्तर, अहो मास्तर, वीज आली!" ओदालमिस साखरेची वाटी घेऊन हसत बाहेर आली.

मास्तर वाचले. उजव्या हाताची बोटं मिटली ती उघडत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी प्लग काढायचा असतो, आजोबा."

"काढला होता," मास्तर म्हणाले.

आता गल्लीत दुरुस्ती करणारं कोणी नाही. ओदालमिस त्यांना सूप नेऊन भरवते. त्या दुपारबद्दल दोघं बोलत नाहीत. लेक फोनवर विचारते, "पाहिलास ना, आई, कसा चालतो?"

"पाहिला गं. अगदी तुझ्या बापासारखा."

पडदा उभा चिरलाय. मागचं झाकण मी बसवून दिलं. हिरवा दिवा शाबूत आहे. मॉनिटरचा प्लग भिंतीत असतो. वीज आली की कळतं.