वॉर्डातला फिका मॉनिटर

मित्रांनो, बोईसरच्या एका रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारी बसलेला मी संगणकाचा एक जुना मॉनिटर आहे. नवा होतो तेव्हा सिस्टर येता-जाता माझ्या रंगांचं कौतुक करत. खिडकीतल्या उन्हाने आता मी फिका पडलोय, पण कामचुकार मात्र नाही!

गेल्या वर्षी रुग्णालयात नवं सॉफ्टवेअर आलं. मोठं नाजूक प्रकरण! महत्त्वाचे इशारेसुद्धा पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत. एका सकाळी दीपा सिस्टरनी माझ्याकडे नजर टाकली आणि त्या मासवणच्या नवसीबाईंना पेनिसिलिन द्यायला गेल्या.

"बाय, ही सुई मला चालत नाय," नवसीबाईंनी हात मागे घेतला. "मागं सगलं अंग सुजलं होतं. आमी सांगितलंय की!"

त्या थोडक्यात वाचल्या. पेनिसिलिन चालत नसल्याची त्यांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये होती, पण माझ्यावर ती उमटतच नव्हती. दीपा सिस्टरवर चौकशी बसली. "मी बघितलं होतं हो, तिथं कायच नव्हतं," त्या रडत सांगत. ऑफिसच्या नव्या स्क्रीनवर मात्र ती ओळ स्पष्ट दिसे, मग कोण विश्वास ठेवणार? त्यांची नोकरी जाणार, या विचाराने माझा जीव तुटत होता.

मग सॉफ्टवेअरची मांडणी तपासायला चारुता मॅडम आल्या. सॉफ्टवेअर कंपनीचा रूपेश म्हणाला, "हे डबडं बदला, संपलं!"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "दीपाताई, तुम्ही रोज जिथे उभ्या राहता, तिथे मला उभं करा. हातात ट्रेही द्या."

मॅडमनी तिथून डोळे बारीक करून पाहिलं. पुढे सरकत सरकत त्यांचं नाक मला टेकायचंच बाकी राहिलं. "रूपेश, आता तुम्ही वाचा."

रूपेशला ओ की ठो कळेना. मॅडम म्हणाल्या, "इथे दिसेल ते कुठेही दिसेल. परीक्षा याच मॉनिटरवर घ्यायची."

आणि मी, वॉर्डातलं डबडं, परीक्षक झालो! आलेली प्रत्येक मांडणी मी बिनदिक्कत नापास केली. शेवटी रुग्णाच्या नावाखाली रुंद लाल पट्टी आली, तिच्यात ठळक पांढरी अक्षरं. दीपा सिस्टरनी ट्रे धरून लांबूनच खणखणीत वाचलं, "पेनिसिलिन देऊ नये!"

तपासणीला आलेल्या नवसीबाईंना वाचता येत नाही, पण त्याही ओरडल्या, "मलापन दिसलं! लाल हाय!" वॉर्डभर टाळ्या पडल्या. चौकशी रद्द झाली आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर दीपा सिस्टरची माफी मागितली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

मित्रांनो, उद्या तुम्हीही लोकांसाठी काही बनवाल. ते वापरणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. आणि कुणी "मला दिसलं नाही" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.