बदक बुडवायचं गणित

पातळी पहिली.

ओढा पाऊण मीटर रुंद. अर्धी, पाव, एक तृतीयांश अशा फळ्या जोडून पूल बांधायचा आणि बदक पलीकडे न्यायचं. गणिताच्या बाईंनी वर्गात बाकाबाकावरच्या कॉम्प्युटरवर हाच खेळ लावला होता, आणि आज मोठ्या बाई तो बघायला आल्या होत्या. त्यांना पटलं नाही, तर उद्यापासून बंद.

बाईंचा जीव अडकला होता तिसऱ्या बाकावरच्या मुलीत. वर्ग तिला खोडरबर म्हणायचा. उत्तर लिहायची, चुकलं असेल या धास्तीनं खोडायची, पार कागद फाटेपर्यंत. या खेळात मात्र तिनं कधी हात आखडला नव्हता.

धप्प.

मागच्या बाकावरचं बदक पाण्यात. डावीकडचंही. धप्प, धप्प. गटांगळी खाऊन बदक डोक्यावर शेवाळ घेऊन वर यायचं. तेवढं बघायला अख्खा वर्ग मुद्दाम चुकत होता!

"छान. उत्तरं सगळी चूक आणि दात सगळ्यांचे बाहेर," मोठ्या बाई म्हणाल्या.

गणिताच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्यांवर अक्षरं: पुन्हा प्रयत्न करा.

मोठ्या बाई थांबल्या त्या नेमक्या खोडरबरपाशी. "तुझंही बुडालं?"

"बुडवलं."

तिचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला.

"म्हणजे गं?"

"अर्धी आणि पाव लावली की झाली पाऊण. मग ते जातं सरळ पलीकडे. काय मजा? अर्धी आणि एक षष्ठांश लावली, तर फारच तोकडी. बदक शहाणं, पाऊलच टाकत नाही." तिनं दम घेतला. "पावच्या जागी एक पंचमांश लावायची. इतकुशीच कमी पडते. मग येतं ऐटीत टोकापर्यंत, आणि..."

"धप्प!" वर्ग ओरडला.

गणिताच्या बाईंनी उगाचच फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

मोठ्या बाई वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. "आणि अगदी पलीकडे पाय टेकता टेकता बुडवायचं असेल तर?"

मुलगी विचारात पडली. बाईंच्या हातातलं डस्टर थांबलं.

"ते नाही येत मला," ती म्हणाली. सहज, मान वर करून. मग बाकावर थोडी आत सरकली.

"बसा ना, बघू या."