अठ्ठावीस भोकांची काळी रिम

मी सायकलची एक रिम बोलतेय. चाक नव्हे. चाक होते, थोडे दिवस. आता नुसतं काळं, हलकं, मधून आरपार दिसणारं कडं आहे. हातात घ्याल तर म्हणाल, हे तर पोकळ आहे! पोकळच आहे मी, पण लेचीपेची नाही.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर चिकट रसायनात भिजवले, साच्यात दाबले, भट्टीत भाजले, आणि मी बाहेर आले. महागड्या रिमांवर कंपनीचं नाव असतं. आमच्यावर काहीच नव्हतं, आम्ही स्वस्तातल्या. ‘आम्ही’ म्हणते, कारण आम्ही दोघी होतो. पुढच्या चाकासाठी मी आणि मागच्यासाठी ती. एकाच खोक्यात तोंडाला तोंड लावून कुठल्या कुठल्या गोदामांतून अमरावतीला आलो. तेवढे दिवस मी एकटी नव्हते. हे तेव्हा कळलं नाही.

राजापेठेत, एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर दामिनीचं घर. कुरियरवाल्याने खोकं दारात ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, डब्बा एवढा मोठा अन् वजनच नाही. रिकामाच पाठवला काय?”

दामिनीचा चेहरा पडला. तिला खरंच तसं वाटलं. वाईट बातमीवर तिचा लगेच विश्वास बसतो. चांगली असली तर ती दोनदा तपासून घेते.

कॉलेजात असताना ती सायकलच्या शर्यतींत उतरायची. नंतर खालच्याच वर्गात पोरांना फिजिक्स शिकवायची. आता तिच्या कडेवर नऊ महिन्यांचा शिवम होता. नवरा श्याम अकोल्याच्या बँकेत, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात ती, शिवम आणि सासूबाई वच्छलाबाई. बाळ झाल्यापासून ती एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. तिच्या मनात एकच होतं: आपल्या हाताने विणलेल्या चाकांवर एकदा दर्यापूरला, आईकडे जाऊन यायचं. पन्नासेक किलोमीटर. पूर्वी ती चहाच्या वेळेला निघून जेवायला पोचायची.

जुन्या चाकांतले हब तिने सोडवून घेतले. हब म्हणजे चाकाच्या मधला गोळा, त्यातूनच सगळ्या तारा निघतात. माझं माप तिने सात वेळा घेतलं, सातही वेळा सारखंच आलं, तरी आठव्यांदा टेप लावला. मग तारा मागवल्या, आणि तारा रिमेत पकडून ठेवणाऱ्या पितळी टोप्या. त्यांना दुकानात निपल म्हणतात. त्या आल्या त्या दिवशी ती फोनवर श्यामला सांगत होती, “निपल आले हो, छप्पन.”

स्वयंपाकघरातून वच्छलाबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. “एका लेकराले छप्पन निपल? तुले काही समजते का वं? अन् उकळून कोण देईन इतके?”

दामिनी खाली बसून हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. फार वेळ नाही; आत शिवम रडायला लागला.

विणकाम दुपारी चालायचं, तो झोपला की. जुन्या सायकलचा पुढचा चिमटा उलटा करून तिने स्टुलाला बांधला होता आणि त्यात मला फिरवायची. चिमट्याला एक प्लॅस्टिकची पट्टी लावली होती. जिथे मी पट्टीला घासायचे तिथे माझा आऊट, म्हणजे वाकडेपणा. मग ती त्या जागची टोपी पाव फेरा फिरवायची आणि बोटाने तार छेडायची. सगळ्या तारा एका सुरात लागल्या की ताण सारखा. अठ्ठावीस तारा ओढू लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी कशासाठी आहे. इतक्या जणांनी एकदम ओढलं तरी मी गोल राहू शकते! असं कुणी पुन्हा ओढेल का, ठाऊक नाही.

मी लवकर जमले. बहिणीचं जमेना. मागच्या चाकाला गिअरच्या बाजूने ताण जास्त द्यावा लागतो. किती जास्त, ते दामिनीने कागदावर मांडलं होतं, आणि तेवढा ताण आलाही होता. पण तिला वाटायचं, रस्त्यात सैल पडलं तर? म्हणून अजून पाव फेरा. शिवम कुशीवर वळला की थांबायची, शांत झाला की अजून पाव.

“कायचं टेन्शन घेऊन राहिली तू?” सासूबाई विचारायच्या.

“मी घेत नाही आई, चाकाला देतेय,” ती म्हणायची.

एका दुपारी बहिणीच्या एका भोकाशी बारीक काळी रेघ दिसली. बाळंतपणानंतर दामिनीचे केस फार गळत होते. घरभर सापडायचे, वरणातसुद्धा. केसच असेल म्हणून तिने ओढणीने पुसला. निघाला नाही. नखाने ओढला.

केस नव्हता तो.

बहिणीच्या तारा सोडवल्या. भंगारवाल्याने तिला उलटसुलट करून पाहिलं. “हे लोखंडबी नाही अन् प्लास्टिकबी नाही, काय करू याचं?” म्हणून परत दिली. ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे गेली. मी भिंतीवर खिळ्याला. पंधरा दिवस दामिनीने माझ्याकडे धड पाहिलं नाही. पाहायची तेव्हा माझ्या भोकांकडे, एकेक करून.

श्याम शनिवारी आला. “जाऊ दे ना, तयार चाकं घेऊन टाकू. याचं मस्त घड्याळ होईल,” तो म्हणाला. चांगला माणूस आहे. फक्त दामिनीला तयार चाक नको होतं, हे त्याला कळलं नाही. मला कळलं होतं, पण मला विचारतंय कोण?

पुढल्या रविवारी ती मला घेऊन अकोल्याला निघाली. तिथे पुंजाजी नावाचे म्हातारे कारागीर आहेत. उभा जन्म चाकांचे आऊट काढण्यात गेला. एसटीत मांडीवर शिवम, गुडघ्यांमध्ये मी. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “ताई, आपली गाडी पंचर झाली तं हे लावू काय?” सगळे हसले. दामिनी दोन सेकंद विचारात पडली, मग हसली.

पुंजाजींनी मला चिमट्यात धरून फिरवलं. डोळे मिटून अंगठ्याने तारा दाबत गेले. कार्बन त्यांनी आधी हाताळलं नव्हतं, तसं सांगितलंही. “पण तार तेच बोलते. कोणं बांधलं?”

“मीच. मागचं फुटलं माझ्या हातून.”

“जास्त आवळलं असंन.”

“हो.”

“माह्या हातानं पयल्या वर्षी किती फुटले, मोजलेबी नाही.” त्यांनी मला परत दिलं. “हे पास हाये, पोरी. बिनघोर चालव.”

बिनघोर! त्या शब्दाने दामिनी रडायच्या बेतात आली. शिवमचं टोपडं उगाच नीट करत बसली.

घरी येऊन तिने मागचं चाक जुन्या ॲल्युमिनियमच्या रिमेवर बांधलं, जुन्याच तारांनी. नेमका हिशेबाइतकाच ताण, वर एक पाव फेराही नाही. पुढे मला लावलं. सकाळी सासूबाईंकडे शिवमला देऊन ती खाली उतरली आणि सायकलवर बसली.

माझ्या आयुष्यातला रस्ता तेवढाच: घरापासून राजापेठ चौकापर्यंत. दुधवाले, शिकवणीला निघालेल्या पोरींच्या स्कूटी, आणि मी. काय सांगू कशी धावले! दगड लागला, आवाज केला नाही. पण दामिनीची बोटं सारखी ब्रेकवर. चौकाआधी गतिरोधक आला. ती उतरली, आणि लेकराला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं मला त्यावरून हळूच नेलं. मागून एक स्कूटीवाली ओरडली, “ओ ताई, चालवा ना!” दामिनी चालतच घरी आली.

त्या दुपारी तिने मला पुन्हा स्टुलावरच्या चिमट्यात घेतलं. “तुझ्यात काही खोट नाही गं,” ती म्हणाली. आजवर ती माझ्याशी बोलली नव्हती. “पुंजाजीकाका खरं बोलले. पण पुढचं चाक गेलं तर मी तोंडावर पडते. आणि माझ्याशिवाय तो झोपत नाही.”

तिने सगळ्या टोप्या बरोबरीने सैल केल्या, एकदम नाही, जरा जरा करत. सूर खाली खाली जात मुका झाला. हब निघाला. तोच हब तिने दुसऱ्या जुन्या रिमेत विणला, दोन दुपारींत. हात कुठे अडखळला नाही. ते सगळं ती माझ्यावर शिकली होती. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, आणि वाटतोही. पण ज्याच्यावर शिकायचं ते मागेच राहतं, त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

पाळण्यावरच्या मच्छरदाणीचा बांबूचा गोल मोडला होता. वच्छलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, माझ्या भोकांतून सुतळी ओवली, जाळी शिवली आणि छताच्या कडीला टांगलं. “पाह्य, कसं मापात बसलं!” म्हणाल्या. बसले खरी. पंखा लागला की मी एक अर्धी गिरकी घेते आणि परत येते.

आज पहाटे दामिनी दर्यापूरला गेली. दारात तिने ब्रेक तीनदा दाबून पाहिले. जाताना पाळण्यात वाकली तेव्हा तिचं डोकं मला लागलं. मग जिन्यावरून सायकल उतरल्याचा आवाज आला, आणि नंतर काही नाही.

शिवम उठला. आई दिसली नाही म्हणून रडला, आजीने थोपटलं, तरी रडला. मग हुंदके देत जाळीतून वर, माझ्याकडे बघत राहिला.

साडेनऊला फोन वाजला. “आई, पोचले,” दामिनी ओरडत होती. “पोचले! तो रडतोय का?”

“नाई रडून राहिला,” वच्छलाबाई चक्क खोटं बोलल्या. “जेवून निघ. घाई करू नको.”

मला कुणी बोलू देत नाही, नाहीतर मीही सांगितलं असतं. दामिनी, मला पुन्हा विणशील तेव्हा विण, नाही विणलंस तरी चालेल. पण कधीतरी गच्चीवर जाऊन माझ्या बहिणीला टाकीमागून उन्हात काढून ठेव. आणि आज रस्त्याकडे बघून चालव, मागे बघू नकोस. सावकाश ये. इथे शिवम आणि मी, आम्ही दोघं आहोत.