दुसरं काम कोणतं?

मित्रांनो, मी पिंगळीच्या एका घरातली शिलाई मशीन. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच उडाली, तरी टाका अजून सरळ पडतो. कारखाना मला फारसा आठवत नाही. आठवते ती सत्यशीला. परभणीहून बैलगाडीतून मला आणताना वाटभर माझ्या चाकावर हात ठेवून बसलेली.

सकाळी ती अंगणवाडीत जाई, दुपारी माझ्यापाशी बसे. बाळाच्या झोळीची दोरी तिनं माझ्या पायडलला बांधली होती. मी चालले की झोळी हले. अर्ध्या गावाचे झंपर आणि एका लेकराची झोप, दोन्ही माझ्याच जिवावर.

तिचा नवरा पंडित कचेरीत कारकून. संध्याकाळी तो विम्याची कामं करी. सासूबाई, सगुणाबाई, म्हणत, "दोन-दोन कामं करायलाय माझं लेकरू." सून शिवायला बसली की म्हणत, "बसल्या बसल्या तेवढाच इरंगुळा."

एक्क्याण्णव साली पंडितनं ठरवलं, मला विकून विम्याच्या फेऱ्यांसाठी जुनी लूना घ्यायची. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. त्या आठवड्यात मला चैन पडेना. धागा सारखा तुटे. सत्यशीला तो पुन्हा ओवी.

शनिवारी शाळेतल्या कमलबाई खानेसुमारीला, म्हणजे जनगणनेला, आल्या.

"पंडितराव, नोकरीशिवाय दुसरं काम?"

"विमा."

"अन् बाईंचं?"

"अंगणवाडी. दुसरं काही न्हाई."

"मग हे काय वाजायलंय?"

"ते घरचंच हाय."

सत्यशीलानं पाय थांबवला नाही. "बाई, तुमच्या अंगातलं झंपर कुणी शिवलं?"

"तूच की."

"मग लिवा."

कमलबाईंनी लिहिलं. पंडितनं वाकून ती ओळ दोनदा वाचली.

रविवारी गिऱ्हाईक आलं, तेव्हा तो दारातच म्हणाला, "आता इकता येत न्हाई. सरकारी कागदावर आलंय हिचं काम."

"येडा का खुळा," सगुणाबाई पुटपुटल्या. असा कायदा नव्हताच. पण कारकुनाच्या लेखी कागद तो कागद.

मी वाचले, मित्रांनो. पण जीव अजून निवांत नाही. माझ्यावरून उठून सत्यशीला तशीच चुलीपुढं बसते, आणि तिसरं काम कोणतं, हे त्या कागदानं विचारलंच नव्हतं. तुमच्या घरच्या मशीनला तेल जरूर द्या. त्याआधी आईला म्हणा, तू बस, पीठ मी मळतो.