फादरच्या वाट्याची पापलेटं

ग्रेसी ईस्टरनंतर गेली. जाईपर्यंत तिचं एकच म्हणणं होतं, लेकीच्या, फ्लॉसीच्या, डोक्यावर मासळीची पाटी येता कामा नये.

विरारच्या त्या लहानशा कॉलेजातून बी.कॉम. झालेली पोरं कुठे जातात, हे ग्रेसीच्या नवऱ्याला, ज्युलियसला, ठाऊक होतं. कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी मेडिकलच्या काउंटरवर. कॉलेजात अकाउंट्सला एकच सर आणि कॉम्प्युटरची खोली कायम कुलूपबंद. तरी फ्लॉसी पहिली आली. सरांनी शब्द टाकला, म्हणून वसईच्या हार्दिकभाईंनी तिला कामावर बसवून बघायचं कबूल केलं. हार्दिकभाई सीए. फ्लॅटच्या पुढच्या खोलीत ऑफिस, मागे घर. तिथे वर्ष-दोन वर्षं काढली की मुंबईत नोकरी मिळते, असं सर म्हणायचे.

एका संध्याकाळी फ्लॉसी हसत घरी आली. ग्रेसी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पपा, टॅली जमली मला. सोमवारपासून पगारावर घेतो म्हनाले."

ज्युलियसला राहवेना. मोसमातला पहिला चांगला मासा फादरकडे न्यायची त्याच्या घरची रीत. यंदा फादरच्या वाट्याची पापलेटं त्याने बर्फात ठेवली, केळीच्या पानात बांधली आणि इस्त्रीचा शर्ट घालून अर्नाळ्याहून वसईची एसटी पकडली.

ऑफिसात फ्लॉसी कॉम्प्युटरसमोर बसली होती. ज्युलियसने टेबलावरच पान सोडलं.

"मी फ्लॉसीचा पपा. पोरीला मार्गाला लावलं तुमी. हे घ्या, आजचीच हायेत."

बर्फाचं पाणी कागदांखाली गेलं. हार्दिकभाई उठून उभे राहिले. आतल्या दारात त्यांची म्हातारी आई आली आणि तिने पदर नाकाला लावला.

"काका, आम्ही हे खात नाही. त्यात आमचं पर्युषण चालू आहे."

ज्युलियसला वाटलं, म्हातारीच्या दातांची अडचण असेल. "याला बारीक काटे नसतात ओ. आजीलापन चालंल. साफ करून देऊ काय?"

"पपा!" फ्लॉसी म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, घर जैनांचं आहे. त्याने घाईघाईने पान गुंडाळलं. हार्दिकभाई रागावले नाहीत, उलट बसा म्हणाले. पण म्हातारीने मोलकरणीला हाक मारली आणि त्याच्यादेखतच फरशी पुसायला लावली.

जिना उतरताना त्याला ग्रेसी आठवली. याच इमारतींतून तिने आयुष्यभर पाटी फिरवली. कुठल्या दारात हाक द्यायची आणि कुठल्या दारापुढून गुपचूप जायचं, तिला पाठ होतं. घरी येऊन ती सांगायलाही बसायची. तो होडीवरून दमून आलेला असायचा. ऐकता ऐकता झोपायचा.

शनिवारी हार्दिकभाईंनी फ्लॉसीला बाजूला घेतलं. "काम तुझं चांगलं आहे. पण घरात आई आहे. तू समजून घे."

सरांनी आणखी दोन-चार ठिकाणी विचारलं. सगळ्यांना अनुभव हवा होता. शेवटी अर्नाळ्यातच, बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडायचं काम मिळालं.

"मी परत जातो," ज्युलियस म्हणाला. "त्या म्हातारीच्या पाया पडतो. तुझी काय चूक त्यात?"

फ्लॉसी चुलीपाशी डबा भरत होती. तिने मान वर केली नाही.

"पपा, माझ्यासाठी तुमी आता कुठं जाऊ नका."