दर सात सेकंदांनी

घड्याळजीचा डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा. दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडायच्या आधी तो कानाशी धरायचा. चाल अडखळली की बिघाड. एकसारखी असली की तब्येत ठणठणीत. "आजारी घड्याळ नेम पाळत नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची.

म्हणून नऊ वर्षांची ठकी जेवताना अचानक मान खाली टाकू लागली, हातातला चमचा उडवू लागली, तेव्हा बापाने आधी मोजलं. झटका. सात सेकंद. झटका. सात सेकंद. मधल्या वेळात पोरगी नीट जेवत होती.

"नाटक आहे," त्याने निकाल दिला.

"अहो, काहीतरी होतंय तिला," बायको म्हणाली. "अक्षर बघा, नुसते किडेमकोडे. पाठ असलेले पाढे विसरली."

"विसरली नाही, टाळतेय. दुखणं असं घड्याळ लावून येतं होय? आणि झोपेत कुठे जातं? काल दुपारी पाऊण तास उशाशी बसलो. एक झटका नाही. झोपेत सोंग कसं घेणार!"

सोंग उतरवायचा उपायही त्याने शोधला. दुकानातल्या स्टुलावर ठकीला बसवायचं, मांडीवर बारीक स्क्रूंची थाळी द्यायची. सहा सेकंद झाले की तो पट्टी उचलायचा. ठकी पट्टीकडे बघायची, ओठ दाबायची, सगळं अंग आवळून धरायची. मग झटका यायचा, थाळी उडायची आणि बोटांवर पट्टी बसायची.

"मी नाही करत, बाबा. ते होतं."

"कोण करतं मग? शेजारीण?"

गुडघ्यांवर रांगत ती स्क्रू गोळा करायची. मोजून सदतीस. एक कमी पडला की पुन्हा शोध.

आठवडाभराने ती जिन्यावरून पडली आणि पुढचा दात तुटला. बायकोने कुणाला न विचारता तिला दवाखान्यात भरती केलं. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, पाठीतून पाणी काढून तपासलं. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बापाला आत बोलावलं. मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या.

घड्याळजीने आपली वही टेबलावर ठेवली. "बघा मॅडम, आठवड्याचं मोजलंय. सात, सात, साडेसहा, सात. झोपेत शून्य. आता तुम्हीच सांगा तिला."

बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. "फार काटेकोर नोंद आहे," त्या म्हणाल्या. तो सुखावला.

मग त्यांनी आलेखाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. सपाट रेषेतून ठरावीक अंतराने उंच लाटा उठत होत्या.

"हा तिचा मेंदू. दर सात सेकंदांनी. असं नेमाने येणं हीच या आजाराची खूण. जागेपणी झटके, झोपेत नाहीत, तेही तसंच. लहानपणी गोवर आला होता?"

"दहाव्या महिन्यात. आठ दिवसांत बरी झाली." तो थांबला. "लसीच्या दिवशी शिंकत होती, म्हणून मीच म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू."

"बरी दिसली. विषाणू मेंदूत राहिला होता. पाठीच्या पाण्यात त्याची खूण सापडली."

"मग औषध?"

"झटके थोडे कमी करता येतील. आजार हमखास थांबवणारं काही नाही. आधी बोलणं जाईल, मग चालणं, गिळणं. बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांत जातात."

एवढ्या सगळ्यातून त्याच्या हाती एकच वाक्य लागलं. "म्हणजे ती मुद्दाम करत नव्हती."

"एकदाही नाही."

तो बाहेर आला. बायको उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"मुद्दाम करत नव्हती ती."

"सांगत नव्हते मी!" बायकोने लेकीला छातीशी धरलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "दुखणंच होतं ना? मग काय, दुखण्याला औषध असतं."

"मी जिंकले!" तुटका दात दाखवत ठकी हसली. बोलताना आता तिची जीभ जड व्हायची. "बाबा हरले! आता चुकलो म्हणा."

"चुकलो."

"मोठ्यांदा."

"चुकलो गं, बाई."

तिची मान खाली गेली, वर आली. तिने बापाच्या हाताकडे पाहिलं. हात जागचा हलला नाही.

"आता मारायचं नाही," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने त्याला सूटही दिली, "बरी झाल्यावर नाटक केलं, तर मारा."