त्या शुक्रवारचा वारा

...आणि ती बरणी पालथी होती. मोरीशेजारी, चार पदरी घडी घातलेल्या फडक्यावर, तोंड खाली करून. तिचं झाकण दोन बोटं लांब, उताणं. झाकणातली रबराची कडी काढून, कोरडी पुसून बरणीच्या बुडावर ठेवलेली— निजताना बोटातली अंगठी काढून उशाशी ठेवावी तशी. बरणीवरचा कागद खरवडून काढलेला, आणि नुसता कागद नाही, त्याच्याखालचा डिंकही. काच इतकी स्वच्छ की तिच्यातून मागच्या भिंतीचा पोपडा दिसत होता.

सेवास्ती दारातच थांबली. हातात उकडलेल्या गव्हाचं पातेलं, त्याची वाफ हनुवटीवर. पातेलं खाली ठेवायला हवं, हे तिला कळत होतं.

काल दुपारी तिने याच बरणीतल्या खारवलेल्या केपरच्या कळ्या वरच्या खोलीतल्या पाहुणीपुढे ठेवल्या होत्या. उपासाचे दिवस, घरात चीज नाही, अंडं नाही. कळ्या, ऑलिव्ह, जवाची खडखडीत टोस्टं. पाहुणी गुरुवारच्या बोटीने उतरली. हिवाळ्यात खोली मिळेल असं घर एकच, म्हणून बोटवाल्याने तिला वाट दाखवली. नाव विचारलं तर म्हणाली, आरेती. कशाला आलात, तर म्हणाली, बेट बघायला. काल तिने शेवटची कळी बोटाने काढून खाल्ली आणि म्हणाली, “काकू, ही मी विसळून ठेवते हं.”

ठेवली आहे विसळून.

चौदा बरण्या जिन्याखाली आहेत. अशाच पालथ्या. त्यांच्याकडे नऊ महिन्यांत हात गेला नाही.

मुलगा, नोमिकोस, मोठ्या बंदरात पिराईअसला कामाला गेल्यापासून दर पंधरवड्याला ती खोकं भरायची— कळ्या, अंजिरांचा मुरंबा, थाइमचा मध, गोगलगायी मिळाल्या तर त्या— आणि दोरीने आवळून बोटीवर चढवायची, आणि फोनवर प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, शेवटचं वाक्य तेच: बरण्या परत आल्या पाहिजेत. यायच्याही. तेलकट, चिकट, एखादीच्या तळाशी सुकलेलं ऑलिव्ह, एकीत तर एकदा खिळे होते. पोरगा तो, जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम करणारा. माझ्या पोराने जन्मात बरणी धुतली नाही. आणि तीन हिवाळ्यांपूर्वी एक खोकं उघडलं तर आत या अशा. कागद नाही, डिंक नाही, कडी वेगळी काढून पुसलेली. सेवास्तीने तेव्हा एक बरणी नाकाशी नेली होती. कशाचाच वास नव्हता. तेव्हाच तिला कळलं होतं, तिथे बाई आहे.

विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. खरं म्हणजे (हे ती कोणापाशी बोलली नसती) थोडं बरंच वाटलं होतं. आणि पुढच्या खोक्यात मुरंबा एकाच्या हिशेबाने न भरता तिने दोघांना पुरेल असा भरला होता. मग नणंदेच्या, थेमेलीनाच्या, कुठल्याशा मावसबहिणीने त्यांना बाजारात पाहिलं. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न झालेली. नवऱ्याला सोडून आलेली. दोन दिवसांत सगळ्या बेटाला ठाऊक. बेट म्हणजे तरी किती— हिवाळ्यात चूल पेटते ती एकोणतीस घरांत.

मग तो फोन. मे महिन्यात.

“आई, शुक्रवारी येतोय. एकटा नाही येत.”

आणि ती म्हणाली, अरे, घराला चुना काढलाय, सगळा पसारा आहे, मग कधीतरी...

असंच म्हणाली. साधारण असंच.

“वहिनी! पातेलं धरून काय उभी आहेस, पुतळा बसवायचाय का तुझा धक्क्यावर?”

थेमेलीना आत आली, तिची धाकटी नणंद, काखेत बदामांची पिशवी, सुजलेले पाय दारातच चपलांतून मोकळे करत. दोघींनी मिळून जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली आणि गहू तिच्यावर ओतला. उद्या रविवारी नोमिकोसला जाऊन नऊ महिने झाल्याची प्रार्थना. गहू रात्रभर वाळायला हवा, मग सकाळी त्यात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे, आणि ते तबक घेऊन चर्चमध्ये. गहू पसरताना बोटं दाण्यांतून फिरत होती. गरम, टपोरे, ओले दाणे. जिवंत काहीतरी असल्यासारखे.

“पाहुणी कुठाय तुझी?”

“फिरायला गेलीय.”

“फिरायला! तीन वाटा आहेत इथे. एक धक्क्याला, एक चर्चला, एक कबरींना. चक्कर येईल बिचारीला फिरून फिरून.” थेमेलीनाने एक बदाम तोंडात टाकला. “मार्चमध्ये कोण गं येतं बेट बघायला? आपल्या शेळ्यासुद्धा बघून कंटाळल्यात. मला विचारशील तर ती काहीतरी लपवतेय. पोलिसांतली असेल.”

“बदाम उद्यासाठी आहेत.”

“एकाने काय होतंय. नोमिकोसच म्हणाला असता, आत्या खा.” आणि मग आवाज बदलून, “उद्या खुर्च्या कशा मांडायच्या? मी डावीकडे बसते. उजवीकडची... तशीच ठेवायची?”

पुढे, तबकासमोर, घरच्यांच्या खुर्च्या. प्रार्थना संपली की सगळं गाव रांगेने येतं, एकेकाचा हात हातात घेतं, म्हणतं, तुम्हाला आयुष्य लाभो, त्याची आठवण काढायला. चाळिसाव्या दिवशी उजवीकडची खुर्ची रिकामी होती. ती बायकोची. कोणी मुद्दाम रिकामी ठेवली नव्हती. कोणी तिच्यावर बसलंच नाही. हात हातात घ्यायला आलेले लोक त्या खुर्चीला वळसा घालून पुढे सरकत होते.

“बघू,” सेवास्ती म्हणाली.

आणि बाहेर पायऱ्यांवर पावलं.

आरेती आत आली. आखूड कापलेले केस, रुंद खांदे, बुटांना लाल माती. लाल माती बेटावर एकाच ठिकाणी आहे, कबरींपाशी. थेमेलीनानेही बुटांकडे पाहिलं, पण तिचं डोकं अजून पोलिसांत होतं.

“बस गं. काम काय करतेस म्हणालीस?”

“ट्रॉलीबस चालवते. पिराईअसला.”

“बाई? ट्रॉलीबस? आणि माणसं चढतात?”

“पाऊस असला की चढतात.”

थेमेलीना खदखदून हसली, आणि सेवास्तीला एकदम दिसलं: तो. मागच्या सीटवर, गोदीतून सुटलेला, हाताला तेल, आणि आरशातून त्याच्याकडे बघणारे हे डोळे. नको. नको ते. गहू सारखा करायला हवा, मध्येच ढीग झालाय.

“मी करू?” आरेतीने हात धुतले, पुसले, आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाने गहू सपाट करू लागली. तळवा आडवा धरून, दाणा न चिरडता. “मला खरं तर गेल्या मेमध्येच यायचं होतं,” ती गव्हाकडे बघत म्हणाली. “रजा काढली होती. बॅगही भरली होती. मग शुक्रवारी सकाळी कळलं, वाऱ्यामुळे मोठ्या बेटावरून तुमची बोटच सुटत नाहीये.”

“कुठला शुक्रवार गं?” थेमेलीना.

“एकवीस तारीख.”

“एकवीस? म्हणजे आपल्या चर्चचा सण! अगं, त्या दिवशी तर समुद्र—”

“वारा होता,” सेवास्ती म्हणाली.

थेमेलीनाचं तोंड उघडंच राहिलं. त्या शुक्रवारी समुद्र परातीतल्या तेलासारखा होता. थेमेलीना स्वतः, हे सुजलेले पाय घेऊन, गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली होती आणि अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. चर्चबाहेर लावलेल्या मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ. बोट दहा वाजता आली. सेवास्ती धक्क्यावर गेली होती— म्हणजे, पावासाठी गेली होती, पाव बोटीनेच येतो. उतरले ते पाव, दोन गॅसच्या टाक्या, आणि पाद्र्याचा भाचा.

थेमेलीनाने एकदा वहिनीकडे पाहिलं. मग त्या बुटांकडे. मग, जन्मात पहिल्यांदा असेल, वाक्य गिळलं.

“हो... इथला वारा,” ती हळूच म्हणाली, “म्हणजे, बाहेर समुद्रात असतो गं. गावात कळतही नाही.” तिने चपला पायात सरकवल्या. बदामांची पिशवी तशीच ठेवून गेली. दारातून वळून म्हणाली, “डावीकडे मी आहे.”

तर, वारा.

म्हणजे त्याने तिला सांगितलंच नाही. आपली आई काय म्हणाली ते पोटात ठेवलं आणि एक अख्खा वारा उठवला, बोट अडवली, समुद्र खवळवला, का तर या बाईच्या मनात माझ्याविषयी काही येऊ नये, आणि उद्या-परवा, कधीतरी, म्हातारी वळली की त्या दोघींना एका टेबलाशी बसता यावं. बसल्या आहेत. मध्ये गहू आहे.

पुढच्या बुधवारी चौदा बरण्या आल्या. त्यानंतरच्या बुधवारी तो, त्याच बोटीने. परातीवरून पडला, पंचेचाळीस फुटांवरून, म्हणजे परांचीवरून, परांचीवरून. शब्दसुद्धा आता जागच्या जागी राहत नाहीत. तिने बोटवाल्याला विचारलं होतं, बरोबर कोणी आहे का, आणि तो म्हणाला होता, गोदीतली दोन माणसं आहेत. बाई नव्हती. का नाही आली, हा प्रश्न नऊ महिने सेवास्तीच्या डोक्यात होता, आणि त्याला उत्तर एकच सुचत होतं: त्याने तिला सांगितलं असणार.

चुना काढलाय असं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं, गावात मला तोंड दाखवायचं असतं.

तेही नाही.

दुपार गेली. आरेती वर जाऊन पडली असावी, पावलं वाजली नाहीत. सेवास्तीने कांदा चिरला, सूप केलं, ते खाल्लं नाही. ऊन भिंतीवरून उतरत चादरीवर आलं, गव्हावरून सरकलं आणि गेलं. संध्याकाळच्या घंटेच्या सुमाराला आरेती खाली आली आणि न विचारता डाळिंब सोलायला बसली. शरदातली, माळ्यावर टांगून ठेवलेली डाळिंबं, सालीचं चामडं झालेलं, आत दाणे तसेच. ती दाणे काढून वाडग्यात टाकत होती, सालीचा पिवळा पापुद्रा एकेका दाण्यावरून नखाने सोडवत होती, न थकता, आणि तो आवाज— नखाचा तो बारीक खरखर आवाज— तीन वर्षं पिराईअसच्या कुठल्याशा मोरीशी झाला असेल, रात्रपाळीनंतर, माझ्या अक्षरातला कागद खरवडताना. माझंच अक्षर. तिने ते वाचलं असेल आधी. ‘अंजीर’. ‘थंड जागी ठेव.’

“काकू, मी पुरायच्या वेळी यायला हवं होतं,” आरेती डाळिंबाकडे बघत म्हणाली. ‘कोणाला’ हे तिने म्हटलं नाही आणि सेवास्तीने विचारलं नाही. “पिराईअसच्या धक्क्यावरच्या फाटकापर्यंत आले होते. पण मला कोणी बोलावलं नव्हतं. कोण म्हणून येणार?” एक दाणा निसटून जमिनीवर गेला. तिने वाकून उचलला. “उद्या मागे उभी राहीन. दाराजवळ. चालेल ना?”

आता.

आता बोलायला हवं. समुद्र शांत होता, हे तीन शब्द. मग पुढचे आपोआप येतील, नऊ महिने ओळीने उभे आहेत ते. ‘एकटा येणार असशील तर ये. नाहीतर येऊ नकोस.’ हे. हे म्हटलं मी. आणि पलीकडून तो, शांत: बरं आई. बरण्या पाठवतो.

आणि हे सांगितलं की ही बाई उठेल. हात पुसेल, वर जाईल, बॅग भरेल; सोमवारच्या बोटीपर्यंत त्या खोलीत बसून राहील; आणि उद्या उजवीकडची खुर्ची रिकामी, लोक तिला वळसा घालून येतील, तुम्हाला आयुष्य लाभो. आणि न सांगितलं तर ती शेजारी बसेल, माझ्या खांद्याला खांदा लावून, लोक तिचाही हात हातात घेतील आणि म्हणतील, बघा, सेवास्तीचं मन केवढं. पोराच्या खोट्यावर बसलेल्या आम्ही दोघी. त्याने जाताना मागे एवढंच ठेवलं, आणि तेही मोडायचं?

“काळं काही आणलंयस अंगावर घालायला?”

आरेतीने मान वर केली.

“दाराजवळ वाऱ्याचा झोत येतो,” सेवास्ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. “पुढे बस. माझ्या उजवीकडे. पेटीत शाल आहे, देते.”

आरेतीने डाळिंब खाली ठेवलं. तिचे मोठे हात वाडग्याच्या कडेवर होते, लाल झालेले. मग ती खिडकीकडे वळली. बाहेर समुद्र तेवढ्यापुरता राखाडी झाला होता, सपाट, सुरकुतीही नसलेला.

“त्या दिवशी सकाळी मी गॅलरीत उभी होते,” ती म्हणाली. “दोरीवरचं फडकंही हलत नव्हतं. म्हटलं, त्याच्या गावाकडचा समुद्र वेगळा असेल.”

आणि पुन्हा डाळिंबाकडे. नखाची ती खरखर.

ठाऊक आहे हिला. नाही, नाही ठाऊक. ठाऊक आहे, आणि तरी ती बरणी धुऊन ठेवली. सेवास्ती पेटीशी गुडघे टेकून बसली, शालीत हात घालून, आणि शाल काढेना. ती तो शुक्रवार आठवत होती. धक्का, पावांच्या करंड्या, सरळ ज्योती... ज्योती सरळ होत्या ना? एखादी वाकली असेल. वाकली होती. थेमेलीनाचा स्कर्ट फडफडत होता, म्हणून तर सगळे हसले. वरच्या खोलीची खिडकी सुटली होती, आपटत होती, कोणीतरी म्हणालं होतं, आज बोट नाही येत. लाटा धक्क्यावरून आत येत होत्या. पाणी पायांवर आलं होतं, गार. आणि ती तिथेच उभी होती, डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरून, समोरच्या पांढऱ्या फेसाकडे बघत, पोरगा येतोय, एकटा नाही येत, आणि हा मेला वारा काही त्यांना येऊ देत नाही.